'शूर म्हणजे ज्याच्याकडे बंदूक असते' – मुलांना साध्या माणसांचं धाडस कसं सांगता?

नदीकाठ
मंडळी, चिरंजीवांना (इयत्ता चौथी) शाळेतून विषय मिळालाय, 'मला आवडणारा शूरवीर'. तीन मिनिटं बोलायचं. त्याची यादी तयारच होती: शिवाजी महाराज, तानाजी, आणि मग थेट सिनेमातला उडणारा गडी. मी म्हटलं, अरे, आपल्यासारखं साधं माणूस शूर नसतं का? तर म्हणे, "साधी माणसं शूर नसतात. शूर म्हणजे ज्याच्याकडे तलवार नाहीतर बंदूक असते."

सासूबाई शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या गवळ्याकडे चरवी होती."

मग पानशेत निघालं. १२ जुलै १९६१. सासूबाई तेव्हा अकरा वर्षांच्या, नारायण पेठेत वाड्यात तळमजल्यावर राहायच्या. सकाळी दूध घालून गेलेला गवळी थोड्या वेळाने परत आला, तोच धावत. रिकामी पितळी चरवी प्रत्येक दारावर आपटत होता. "धरण फुटलं, वर चला, पाणी येतंय!" कोणी म्हणालं अफवा आहे, कोणी पूर बघायला पुलाकडे निघालेलं. हा काही हटेना. मागच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या आजींना उठवत नव्हतं, त्यांना त्याने पाठुंगळी घेतलं आणि वरच्या पेठेकडे चालायला लागला. ते बघून बाकीचे हलले. त्याचा स्वतःचा गोठा नदीकाठी होता. म्हशींची दावी सोडून मग तो पेठेत आला होता, हे सगळ्यांना नंतर कळलं.

चिरंजीव: "त्याला मेडल मिळालं?" नाही. "पेपरात फोटो?" नाही. "मग काय मिळालं?"
सासूबाई म्हणाल्या, "मिळतंय काय? पुढं परत दूध घालायला आला. चरवीला एवढा पोचा पडलेला. माप कमी भरतं म्हणून आमची आई त्याच्याशी भांडली."

मला ही गोष्ट फार आवडली. पण त्या रात्री लेक दोनदा उठून खिडकीतून पाऊस बघून आला. तेव्हा विचारते, तुम्ही मुलांना असल्या गोष्टी सांगता का? कशा?

पेठकर६१
चरवी! वा. आमच्या घरी अजून 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशीच कालगणना चालते. वडिलांना पुरानंतर गोखलेनगरला जागा मिळाली, आम्ही तिथलेच.

बंदुकीवरून आठवलं, लेकाला हेही सांगा. धरणाचं काम अर्धवट होतं आणि मातीचा बांध खचायला लागला होता. आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात तिथे वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही, पण रात्र निघाली. फुटलं ते उजाडल्यावर. तेच पाणी मध्यरात्री झोपलेल्या पेठांत शिरलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको. म्हणजे बंदूकवाले होतेच, पण त्या रात्री कामाला आलं ते पोतं.

कल्याण_स्लो
आम्ही मुंबईकरांनी २६ जुलै २००५ सांगायची. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मी तेव्हा कॉलेजात. कुर्ल्याहून चालत निघालो, छातीएवढ्या पाण्यात अनोळखी लोकांची साखळी करून. उघडी गटारं कुठे आहेत हे सांगायला दोन पोरं डिव्हायडरवर उभी होती, हातात झाडाची फांदी. "इधर से नहीं, उधर से." बहुतेक रात्रभर तिथेच असावीत. त्यांचे चेहरेसुद्धा मला आठवत नाहीत, फांदी आठवते.

माझ्या मुलीला मी एवढंच सांगतो. गेली दोन वर्षं पावसात रस्त्यावर पाणी दिसलं की ती मला म्हणते, "बाबा, फांदी घे."

खडीसाखर
धागा आवडला. वाचतेय.

उदगीरकर
नदीकाठताई, भीतीचं म्हणाल तर आमच्या भूकंपाचं ऐका. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बसवलेले बोळवले होते, माणसं दमून झोपलेली. मी सात वर्षांचा. आमचं गाव किल्लारीपासून लांब, तरी उतरंडी खाली आल्या. सकाळी माझे वडील आणि गल्लीतले आठदहा जण टिकाव-फावडी घेऊन ट्रॅक्टरमधी बसून गेले ते तिसऱ्या दिवशी आले.

तिकडची घरं दगडमातीची, भिंती दीड-दोन हात जाड, वर माळवद. उन्हाळ्यात गारेगार. पण माळवदावर वर्षानुवर्षं मातीचा थर चढवलेला, त्या वजनाखाली माणूस दबला की आवाजबी बाहेर येत नाही. वडील सांगायचे, पहिले सहा-आठ तास ज्यांना बाहेर काढलं ते शेजाऱ्यांनीच काढलं. फौजेची मदत आली, खूप मोठं काम केलं त्यांनी, पण तोवर गावातल्याच माणसांनी हातांनी माती उपसली. ज्यांचं स्वतःचं घर पडलंय तेच दुसऱ्याच्या घरावर उकरत होते, कारण तिथून हाक येत होती आणि स्वतःच्या घरातून येत नव्हती.

हे शेवटचं वाक्य वडिलांनी मला मी बावीस वर्षांचा झाल्यावर सांगितलं. तोपर्यंत "आम्ही माती काढली" एवढंच. माझं मत विचाराल तर हीच पद्धत. गोष्ट एकच, पण वयाप्रमाणे तिचा एकेक पदर उलगडायचा. चौथीतल्या लेकराला हाक ऐकू आली एवढं पुरे. कुठून आली नाही, ते नंतर.

आणि गोष्ट माती काढण्यावर संपवू नका. भूकंपानंतर शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने जवळजवळ १२०० लेकरं पुण्याला नेऊन शिकवली, वाघोलीला. त्यातले काही माझ्या ओळखीचे आहेत. आता त्यांचीच लेकरं शाळेत जातात. घाबरलेल्या मुलाला 'पुढं काय झालं' हे लागतं बघा. तुमच्या सासूबाईंनी भांडण सांगितलं ते म्हणून फार बरं केलं. भांडण झालं म्हणजे जग परत सुरू झालं.

नदीकाठ
उदगीरकर, निःशब्द. 'कुठून आली नाही ते नंतर' हे लिहून ठेवलंय.

पाणकोंबडा
सगळ्यांच्या आठवणींचा मान राखून थोडा मिठाचा खडा टाकतो. मी पंचगंगेकाठचा, पंचवीस वर्षं पोरांना पोहायला शिकवतोय.

दर उन्हाळ्यात पेपरात तीच बातमी असते. एक पोरगं विहिरीत, तलावात बुडतंय, त्याला वाचवायला दुसरं उडी मारतं, दोन्ही जातात. कधी तिघं. त्या दुसऱ्याला आपण 'मित्रासाठी प्राण दिले' म्हणून फोटोला हार घालतो आणि बाकीची पोरं तो फोटो बघतात. मागे एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथे एका मुलाने नाटुकल्यात बुडणाऱ्याला वाचवायला स्टेजवरून सूर मारला. टाळ्याच टाळ्या. मी हेडसरांना म्हटलं, हे उलटं शिकवताय. ते म्हणाले, अहो, भावना बघा. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, ते असो.

बुडणारा माणूस फिल्मसारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात खाली दाबत असतो, आणि जो जवळ येईल त्याच्यावर चढतो. मोठा पट्टीचा पोहणारासुद्धा त्या मिठीत गार होतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी पाण्यात उतरवतच नाही. काठावर बसवून तीन गोष्टी घोकून घेतो. ओरड. मोठ्या माणसाला बोलव. काहीतरी फेक किंवा पुढे कर. काठी, दोर, ट्यूब, रिकामा झाकणबंद कॅन, ओढणी, काहीही. तेही पोटावर आडवं पडून, उभं राहून नाही. उडी या यादीत नाही.

तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात २०२० साली कोट्टराई धरणावर तीन बायका आंघोळीला आलेल्या. चार पोरं बुडत होती. त्यांनी अंगावरच्या साड्या सोडल्या, एकीला एक बांधल्या आणि फेकल्या. दोन वाचली, दोन नाही वाचली. त्यांना सरकारने पुरस्कार दिला. मला विचाराल तर त्यात दोन धाडसं आहेत. एक पाण्याचं. दुसरं चारचौघात साडी सोडण्याचं, ते आपल्याकडे जास्त अवघड. ही गोष्ट मी पोरांना सांगतो, आणि पोरींना तर आवर्जून.

आडदांड
पाणकोंबडा, मुद्दा पटला पण पूर्ण नाही. सगळीकडे 'आधी स्वतःची सुरक्षितता' हेच शिकवलं तर उद्या कोणी हात पुढे करणारच नाही. आत्ताच बघा, अपघात झाला की दहा मोबाईल वर. पोरं 'काठी शोधतोय' म्हणत उभी राहतील. माणूस थोडा वेडा असतो म्हणून तर धावतो. वांगणीचे मयूर शेळके आठवा. एप्रिल २०२१, अंध आईचं मूल प्लॅटफॉर्मवरून रुळावर पडलं, समोरून गाडी येतेय. तो पॉइंट्समन काठी शोधत बसला असता तर?

पाणकोंबडा
आडदांडसाहेब, शेळक्यांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तो माणूस रेल्वेत नोकरीला, रोज रुळांवर काम. गाडी किती लांब आहे, किती सेकंद आहेत, कुठे पाय ठेवायचा, हे अंगात भिनलेलं. तरी तो क्षणभर कचरला होता असं त्यानेच सांगितलंय. वेडेपणा नव्हता तो, हिशेब होता, फक्त झटकन केलेला. आणि बक्षिसाच्या ५० हजारांतले अर्धे त्या आईला दिले, तिथे तर कुठली गाडी अंगावर येत नव्हती. पोरांना तो अर्धा भागसुद्धा सांगा.

आडदांड
हिशेब म्हणा, वेड म्हणा. पाय उचलायला काहीतरी लागतंच. ते काय हे तुमच्या यादीत नाही एवढंच माझं म्हणणं.

कल्याण_स्लो
दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून मी पळ काढतो :)

निप्पॉनकर
जपानमधून. इथे आठ वर्षं आहे, मुलगी इथल्याच शाळेत जाते. वरच्या वादावर इथली दोन उदाहरणं.

पहिलं जुनं. १८५४ साली वाकायामा भागात मोठा भूकंप झाला. हामागुची गोर्यो नावाच्या गावच्या प्रतिष्ठिताला त्सुनामीची शंका आली. अंधार पडलेला, लोकांना वर जायची वाट दिसेना. त्याने कापून रचलेल्या भाताच्या गंजी पेटवल्या. त्या उजेडाच्या रोखाने माणसं टेकडीवर पोचली. इथे ही गोष्ट एके काळी शाळेच्या पुस्तकात होती. पण मला नंतरचा भाग जास्त आवडतो. घरंदारं गेल्यामुळे लोक गाव सोडून जायला लागले, तेव्हा त्याने स्वतःच्या पैशाने समुद्राकडेला बांध घालायला घेतला आणि त्याच लोकांना मजुरी दिली. बांध सुमारे पाच मीटर उंच आणि सहाशे मीटर लांब, आजही आहे. त्या भूकंपाची जुन्या जपानी पंचांगातली तारीख, ५ नोव्हेंबर, आता संयुक्त राष्ट्रांचा त्सुनामी जागृती दिवस आहे.

दुसरं २०११ चं. कामाइशी शहरातल्या माध्यमिक शाळेची मुलं भूकंप थांबताच कोणी सांगायची वाट न बघता पळत सुटली. त्यांना बघून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं निघाली. ठरलेल्या जागी पोचले तर तिथली दरड सुटायला लागलेली दिसली, म्हणून आणखी वर गेले, मग आणखी वर. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरलेले. त्या दिवशी शाळेत असलेली सगळी मुलं वाचली. बाहेरचे लोक त्याला चमत्कार म्हणायला लागले, तर त्यातल्या काही मुलांनाच ते आवडलं नाही. कारण त्यांनी वर्षानुवर्षं सराव केला होता.

त्या किनाऱ्यावर एक शब्द आहे, 'तेंदेन्को'. त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापलं पळायचं, आईबापासाठीसुद्धा थांबायचं नाही. मला सुरुवातीला हे फार निष्ठुर वाटलं. लेकीच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने समजावलं: मूल पळालंय याची आईला खात्री असेल तरच आई त्याला शोधायला समुद्राकडे जाणार नाही. म्हणजे एकट्याने पळणं हेसुद्धा दुसऱ्याला वाचवणंच. आडदांड, पाय उचलायला काय लागतं याचं इथलं उत्तर विश्वास असं असेल कदाचित.

आडदांड
हे आवडलं. टोपी काढतो.

झेडपीची_बाई
उशिरा आले, तिसरी-चौथीचा वर्ग आहे माझ्याकडे, डोंगरातली दोनशिक्षकी शाळा. आम्ही हे दरवर्षी जूनमध्ये घेतो, कारण आमच्याकडे पाऊस म्हणजे नुसत्या कविता नव्हेत.

माझी ठरलेली गोष्ट माळीणची. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. पहाटे-सकाळच्या पावसात डोंगर खाली आला आणि गाव चिखलाखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. पण बाहेर कोणाला पत्ताच नाही, कारण सांगायला उरलं कोण? एसटीचा ड्रायव्हर रोजच्यासारखी गाडी घेऊन आला, तर समोर गाव नाही. त्याने ते पाहिलं आणि माघारी जाऊन कळवलं. तिथून सगळी यंत्रणा हलली.

मी वर्गात बाकं लावून एसटी करते. एक जण ड्रायव्हर, एक कंडक्टर, बाकीचे प्रवासी. वळणावर थांबवते आणि विचारते, "रोज इथे देवळाचा कळस दिसतो, आज दिसत नाही. काय कराल?" पहिल्या वर्षी पहिलं उत्तर आलं, "बाई, आम्ही उतरून माती काढणार." काढा म्हटलं. दोघं निघाले. मग मागून एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही अशी, म्हणाली, "डोंगर अजून येत असंल तर?" सगळे गप्प. मग ड्रायव्हर झालेला पोरगा म्हणाला, "मी गाडी मागं घेतो." कंडक्टर म्हणाला, "रिव्हर्सला शिट्टी मी मारतो." मग वाद सुरू झाला की आधी कोणाला सांगायचं: पोलीस पाटील, सरपंच, तलाठी का दवाखाना. तो वाद अर्धा तास चालला आणि मी तो चालू दिला. शेवटी फळ्यावर नंबर लिहिले. ११२ आता सगळ्यांना पाठ आहे. रेंज कुठल्या खडकावर येते तेही.

महाडजवळचा सावित्री नदीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसट्या आणि एक गाडी गेली. तेव्हा पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसाने पळत रस्त्यावर येऊन मागच्या गाड्या थांबवल्या. तीही गोष्ट करतो आम्ही. त्यात मुलांना आवडतं ते मोठ्याने ओरडणं. पोरं पुरेसं ओरडत नाहीत, बरं का. आपणच त्यांना वर्षभर 'हळू बोल' म्हणत असतो. शाळेमागच्या मैदानावर जाऊन 'थांबाऽऽऽ' असं ओरडायचा सराव घेते. पहिल्यांदा लाजतात. एकदा शेतातून लोक धावत आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

नदीकाठताई, भीतीचं म्हणाल तर माझा अनुभव असा, की मुलाला त्या गोष्टीत स्वतःला करायला काहीतरी काम मिळालं की ते कमी घाबरतं. नुसतं ऐकणारं जास्त घाबरतं. पण ज्या मुलाच्या घरात खरंच असं काही घडलंय, त्याला आधी बाजूला घेऊन विचारते. दोन वर्षांपूर्वी एकीने "मला एसटीत नाही बसायचं" सांगितलं. ती फळ्यावर नंबर लिहायला होती.

पाणकोंबडा
बाई, तुमच्या शाळेत मला बोलवा. मानधन नको, ती शिट्टी ऐकायचीय.

खडीसाखर
एक भर घालू का? आपल्याकडे मुलांना शौर्य पुरस्कार सुरू झाले त्याचं मूळही असंच आहे. १९५७ साली दिल्लीत रामलीला मैदानावर शामियान्याला आग लागली, समोर पंडित नेहरू बसलेले. हरिश्चंद्र मेहरा नावाच्या चौदा वर्षांच्या स्काउटने चाकूने मांडवाचं कापड फाडून वाट केली. माझ्या वडिलांना ही गोष्ट फार आवडायची, कारण तेही स्काउट होते आणि त्यांच्याही पट्ट्याला चाकू असायचा. आईच्या म्हणण्याप्रमाणे त्या चाकूने त्यांनी जन्मभर फक्त आंबे कापले.

नदीकाठ
सगळ्यांचे आभार. झेडपीच्या बाई, तुमची एसटी आमच्या सोफ्यावर चालवून झाली. भाषण काल पार पडलं, वृत्तान्त द्यायला आले.

गवळ्याचीच गोष्ट सांगितली. नंबर आला नाही. पण सासूबाईंनी रंगीत तालमीत एकदा थांबवलं. हा म्हणत होता, "तो गवळी अजिबात घाबरला नाही." त्या म्हणाल्या, "कोण म्हणतं? त्याचे हात थरथरत होते, म्हणून तर चरवी एवढी वाजत होती." हे मीही पहिल्यांदाच ऐकलं. भाषणात ते वाक्य तसंच ठेवलं.

रात्री खिडकीपाशी जाणं थांबलंय. त्याऐवजी नवीन प्रकार सुरू झालाय. तळमजल्यावरच्या आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांना दार वाजवलेलं कळतं का, याची याने परवा पहाटे सहा वाजता चाचणी घेतली. आजोबांना कळलं. बाकीच्या अकरा फ्लॅटनाही कळलं. सेक्रेटरींचा फोन आला होता. चरवी आमच्याकडे नाही, कुकरचं झाकण होतं. पोचा पडलाय, शिट्टी नीट बसत नाही.